कॅलिफोर्नियाच्या बेकारी भत्त्याचं कर्ज आमच्या माथी का?

फ्रिमाँटकर:
मंडळी, आमचं छोटं रेस्टॉरंट आहे, आठ-दहा माणसं कामाला. २०२५ चा फॉर्म ९४० (मालकांनी भरायच्या बेकारी टॅक्सचा वार्षिक फॉर्म) आला तर फेडरल बेकारी टॅक्स माणशी १२६ डॉलर, पूर्वी ४२ असायचा. सीपीए (हिशेब बघणारा अकाउंटंट) म्हणतो राज्याने कर्ज काढलंय म्हणून. आम्ही टॅक्स कधी थकवला नाही, मग हे आम्ही का फेडायचं?

पेरोलवाली_ताई:
कोविडमध्ये भत्ता द्यायला राज्याच्या फंडात पैसे उरले नाहीत म्हणून केंद्राकडून उसने घेतले, ते साधारण २० अब्ज डॉलर अजून फिटले नाहीत. असं कर्ज लागोपाठ दोन वर्षं राहिलं की मालकांना मिळणारी टॅक्समधली सूट दरवर्षी ०.३ टक्क्याने कमी होते, म्हणजे ७,००० डॉलर पगारावर माणशी २१ डॉलर जास्त. ती रक्कम मुद्दलात जाते, व्याज राज्य वेगळं भरतं. २००८ च्या मंदीनंतरचं कर्जही असंच फेडत २०१८ उजाडलं.

सॅनहोजेचा_बंड्या:
अहो पण ते पैसे तर घोटाळेवाल्यांनी खाल्ले ना, कैद्यांच्या नावावर क्लेम काढले होते, मग भरायचं आपण?

पेरोलवाली_ताई:
घोटाळा झाला, राग मलाही येतो. पण त्यातला बहुतेक पैसा कोविडच्या खास फेडरल स्कीममधला होता, हे कर्ज नेहमीच्या भत्त्याचं. खरं दुखणं हे की भत्त्याच्या फंडासाठी राज्य १९८३ पासून मालकांकडून माणशी वर्षाच्या फक्त पहिल्या ७,००० डॉलर पगारावर टॅक्स घेतं, वॉशिंग्टन राज्यात ती मर्यादा ७०,००० च्या वर आहे. म्हणजे वर्षाला दीड-दोन लाख डॉलर पगाराच्या इंजिनियरमागे कंपनी जेवढ्या रकमेवर भरते तेवढ्यावरच तुम्ही वेटरमागे भरता, आणि तुमच्याकडे माणसं टिकत नाहीत, एक गेला दुसरा आला की परत नवे ७,०००. आणि ज्याची नोकरी जाते त्याला आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, २००५ पासून तेवढेच, बे एरियात त्यात भाडंसुद्धा निघत नाही हो. मर्यादा वाढवायलाच हवी, मोठ्या कंपन्यांनी जास्त भरू देत.

फ्रिमाँटकर:
मग न्यूयॉर्कवाल्या भावाला हा वाढीव टॅक्स का नाही लागला?

पेरोलवाली_ताई:
त्यांनी २०२५ मध्ये राज्याच्या बजेटमधून कर्ज मिटवलं. आपल्याकडे १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत फिटलं नाही तर माणशी १४७ होतील. वाढीव रक्कम चौथ्या तिमाहीत धरतात आणि ३१ जानेवारीच्या आत एकदम भरावी लागते, तर दादा, दर महिन्याला थोडे बाजूला काढत जा.