मदत हवी आहे: एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी) जिप्सी घाटात जड लोडवर लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) चालते, ट्यूनिंग कुठून सुरू करावे?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००७ ची मारुती जिप्सी किंग आहे. १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे जी१३बीबी इंजिन आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) दोन्ही मूळचेच आहेत. गाडी मुख्यतः पोलादपूर ते महाबळेश्वर या आंबेनळी घाटात आणि आसपासच्या कच्च्या वाटांवर चालते. गेल्या काही महिन्यांपासून चढावर दुसऱ्या गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की तीन हजार आरपीएमच्या पुढे गाडी ओढ धरत नाही, मधूनच हलके झटके देते आणि टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा थोडा वर राहतो. सपाटीवर आणि आयडलिंगला कोणतीही तक्रार नाही.

प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर नवे आहेत. या गाडीत हवा मोजणारा मीटर नसून मॅनिफोल्डमधल्या दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून, ईसीएम हवेचा हिशेब करतो. त्यामुळे सर्वांत आधी मी तोच सेन्सर तपासला. इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून स्कॅनरवर पाहिले असता पोलादपुरात शंभर किलोपास्कलच्या जवळपास आणि महाबळेश्वरला पोहोचल्यावर ८६ च्या आसपास आकडा दिसला. दोन्ही ठिकाणच्या उंचीचा विचार करता हे बरोबर आहे, म्हणून सेन्सर बाद नाही असे मी धरून चालतो.

खरी अडचण इंधनाच्या आकड्यांत आहे. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीएम इंधनात आपणहून करतो ती वाढ-घट) हलक्या लोडवर अधिक ८ टक्के, तर लोड वाढेल तसा अधिक १२ पर्यंत जातो. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सर बसवून पाहिले, तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण; १ म्हणजे नेमके, त्याखाली इंधन जास्त) ०.९९ येतो, जिथे मला ०.८८ च्या आसपास अपेक्षित होता. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते तिथे या मिश्रणाला सुमारे १३.५ भागच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने जवळपास नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते, आणि हे इंजिन ज्या काळात कॅलिब्रेट झाले त्या काळी असे इंधन गृहीत धरलेले नव्हते. मात्र बाराचा आकडा केवळ इथेनॉलने भरून निघत नाही, हे मला खटकते.

एका गॅरेजने मॅपच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारा पिगीबॅक (मूळ ईसीएमला जोडायचे जादा उपकरण) सुचवला आहे, तर एका मित्राचा आग्रह मूळ ईसीएमऐवजी संपूर्ण स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) बसवण्याचा आहे. ही गाडी मला अजून बरीच वर्षे चालवायची आहे आणि पीयूसीही नियमाप्रमाणे निघायला हवे, म्हणून घाईने वायरिंग कापण्याची माझी तयारी नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपण आकडे व्यवस्थित दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. ट्रिम लोडबरोबर वाढतो आहे, यावरून दोष हवेच्या बाजूला नसून इंधनाच्या पुरवठ्यात असण्याची शक्यता जास्त वाटते. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर प्रेशर गेज लावून त्याची नळी बॉनेटखालून बाहेर काढावी, गेज काचेवर वायपरखाली चिकटवावा आणि घाटातच पूर्ण लोडवर दाब पाहावा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर घेतलेले माप इथे उपयोगाचे नाही. त्याच वेळी फ्यूएल पंपाच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजावे. इतक्या जुन्या गाडीत रिले, कनेक्टर आणि अर्थिंग यांत दोन-अडीच व्होल्ट सहज हरवतात आणि पंप नेमका गरजेच्या वेळी कमी पडतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती नाही, हेही पाहून घ्यावे, कारण बाहेरची हवा आत आली तर ईसीएमला मिश्रण खोटेच लीन दिसते.

मॅपच्या सिग्नलला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ईसीएम त्याच सिग्नलवरून इग्निशनचे टायमिंगही (ठिणगीची वेळ) ठरवतो, त्यामुळे इंधन वाढवायला गेलात की टायमिंग मागे जाते आणि गाडी आणखी मंदावते. शिवाय पूर्ण ॲक्सिलरेटरवर वातावरणापेक्षा जास्त दाब दिसला तर फॉल्ट कोड येऊ शकतो.

प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. लोडवर पंपाला ११.२ व्होल्टच मिळत होते, तर बॅटरीवर १३.९ होते. बॅटरीपासून फ्यूजसह स्वतंत्र जाड वायर, नवा रिले आणि चॅसिसवर घासून स्वच्छ केलेले अर्थिंग दिल्यावर घाटात दाब ढळणे थांबले, ट्रिम सर्व लोडवर अधिक ७ च्या आसपास स्थिरावला आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर लॅम्डा ०.९४ आला. झटके गेले आहेत. उरलेली तफावत आता इथेनॉलचीच दिसते. ती भरण्यासाठी ॲडजस्टेबल रेग्युलेटर लावून इंधनाचा दाब वाढवावा का?

प्रतिसाद:

होय, आणि तेवढेच पुरेसे आहे. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून सात टक्के इंधनासाठी दाब साधारण साडेचौदा टक्क्यांनी वाढवावा लागेल. आपला दाब तीन बार असेल तर तो ३.४ च्या थोडा वर न्यावा. क्रूझिंगला (एकसारख्या वेगात) ट्रिम शून्याजवळ आला की थांबावे. जिथे ऑक्सिजन सेन्सरवरून होणारी इंधनाची सुधारणा लागू होत नाही त्या पूर्ण लोडवरही तेवढेच इंधन आपोआप वाढेल. त्यानंतर लॅम्डा पुन्हा घाटातच मोजून आकडे इथे द्यावेत.