परवान्याचं पुस्तक कोणाच्या हातात?
पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा फक्त कागदावर आहेत, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव बघा. २००९ मध्ये ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला निघाल्यावर अडलं ते एका पुस्तकावर, वाहतूक परवान्याच्या! वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न, पण वनविभाग १९२७ च्या भारतीय वन कायद्यावर बोट ठेवून त्याला झाडच म्हणत राहिला. म्हणजे बांबू गावाचा, पण वनविभागाच्या परवान्याशिवाय तो गावाबाहेर नेता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेला दिलं. माझ्या मते तो दिवस हक्कपत्राच्या दिवसापेक्षा मोठा.

आणखी एक, २०१४ च्या राज्याच्या पेसा नियमांनुसार एखादा पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो, त्याची वेगळी ग्रामसभा बसते. मोठ्या ग्रामपंचायतीत ज्या पाड्याचा आवाज पोचत नाही, त्याला याची खरी गरज. तुमच्या भागातल्या पाड्यांनी असे ठराव केलेत का? जरूर लिहा.