मेल्टडाउनला मराठीत काय म्हणायचं?

रावपुरेवाली: सोसायटीतल्या शेजाऱ्यांना द्यायला एक पानभर मजकूर लिहितेय. धाकटा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, चौतिशीचा, नोकरी करतो. नवरात्रात खाली गरब्याचे स्पीकर लागले की कधीकधी त्याचा मेल्टडाउन होतो, म्हणजे ते सहन न होऊन स्वतःवरचा ताबाच सुटतो. मी 'आकांडतांडव' लिहिलं. त्याने खोडून बाजूला लिहिलं, 'हे मी करत नाही, मला होतं.' मग शब्द कोणता?

दांडियाबाजारी: बरोबर खोडलं. मूळ संस्कृत 'अकाण्ड', म्हणजे अवेळी, कारण नसताना. इथे कारण ढळढळीत आहे. फक्त आपल्या कानांना ते टोचत नाही.

मांडवीची माई: आमच्याकडे सरळ 'मगज छटकलं' म्हणतात.

दांडियाबाजारी: माई, ते गुजराती. शिवाय छटकलं म्हणजे राग आला. हा राग असेलच असं नाही.

अबोली: मी स्वतः स्वमग्न, निदान तिशीनंतरचं. राग, भीती की नुसती भूक, हे मला त्या वेळी उमगतच नाही. आधी कानशिलं तापतात. त्याही आधी मी एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते, ओढणीचं टोक चोळत बसते. तेव्हाच कुणी दिवा मालवून एकटं सोडलं तर निभावतं. एकदा सुरू झालं की 'काय झालं? बोल ना!' हे सगळ्यात वाईट. न विचारता पाठीवर हात तर नकोच. नंतर दिवसभर अंग मोडून येतं. कधी उलट वाचाच बसते, त्या शटडाउनला मी 'मिटणं' म्हणते. मेल्टडाउनला 'असह्य होणं' पुरे.

शुद्धलेखक: 'भावनोद्रेक' असताना? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'शासन शब्दकल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश उगाच काढला का?

दांडियाबाजारी: त्यात मराठी-गुजरातीच्या रांगेत उर्दू-फारसीही आहे. शुद्धतेचा दाखला तिथून काढू नका. आणि 'उद्रेक' वाचून शेजारी पोलीस बोलावतील.

मांडवीची माई: 'कजिया' का नको? लेकरू करतं तसा.

रावपुरेवाली: माई, तेच तर नकोय. लेकराला चॉकलेट मिळालं की कजिया संपतो. याला काही मिळवायचंच नसतं, बघायला कुणी असो नसो. स्पीकर बंद केले तरी लगेच ओसरत नाही.

शुद्धलेखक: कजिया मुळात अरबी. मराठीत कज्जा, तोही कोर्टातला.

मांडवीची माई: बडोद्यात पोरांचाच हो!

अबोली: शब्द राहू दे. 'दिवे कमी करा, गर्दी करू नका, प्रश्न विचारू नका' एवढं वर लिहा.

शुद्धलेखक: 'गर्दी'ही फारसीच.

दांडियाबाजारी: आणि कोर्ट? वेगळा धागा काढा, तिथे येतो.