गस्त, कॅमेरे, दिवे: तुमच्या गल्लीत चोऱ्या खरंच थांबल्या का?

जुळे सोलापूरकर
काल कॉलनीत कॅमेऱ्यांचा नारळ फुटला आणि मला दादांची वही आठवली. साखर पेठेत आमचे चार माग होते. रात्री सूत, चादरी उचलून न्यायचे म्हणून कारखानदारांनी वर्गणी काढून गस्त ठेवली. तीन महिन्यांत सगळे म्हणाले, चोऱ्या बंद! दादा मात्र गस्तीच्या आधीपासून लिहीत होते: कुणाचं काय गेलं, कुठल्या बोळात, पोलिसात गेला का. त्यातनं दिसलं, चोऱ्या पलीकडच्या बोळात सरकल्यात, बेरीज तेवढीच. मग पलीकडच्यांनाही गस्तीत घेतलं, तेव्हा कुठं कमी झाल्या. आमच्या कॉलनीत असली वही कुणाकडंच नाही. तुमच्याकडं काय झालं?

होटगी रोड
आमच्यात उलटं. बीट हवालदार रोज यायला लागले आणि तक्रारी वाढल्या. सगळे म्हणायलेत योजना फसली. अहो, आधी सायकल गेली तर ठाण्यात जायचंच कोण? माझ्या आईनं पहिल्यांदा तक्रार दिली ती त्याच महिन्यात.

शेंगाचटणी
साखर पेठेत कुठं हो दादा? माझं माहेर तिथलंच

तांड्यावरची बाई
शिक्षिका आहे. 2021 ला तेजस्वी सातपुते मॅडम ग्रामीणच्या एसपी असताना ऑपरेशन परिवर्तन सुरू झालं. अधिकाऱ्यांनी गावं दत्तक घेतली, हातभट्टी सोडणाऱ्यांना दुसरं काम मिळवून द्यायचं ठरलं. मुळेगाव तांड्याचं नाव तेव्हा सगळीकडं झालं. किती भट्ट्या फोडल्या हे मी धरतच नाही, फोडलेली चार दिवसांत परत लागते. माझ्या वर्गातली एक पोरगी पहाटे भट्टीला पाणी वाहायची. आई शिलाईला लागली तशी पहिल्या तासाला हजर असते. वर्षभरानंही येते का, हे मी हजेरीत बघत राहिले. आली.

गड्डा
महिना बघा आधी. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत पाकिटं जातातच. फेब्रुवारीत दिवे लावून मार्चमध्ये "कमी झालं" म्हणू नका. मागच्या मार्चशी ताडा. कुकर झाला, जाते

सेटलमेंटचा नातू
आमच्या आजोबांच्या वेळी गुन्हे रोखणं म्हणजे तारेचं कुंपण आणि रोजची हजेरी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार ठरवून सेटलमेंटमध्ये, म्हणजे कुंपणाच्या वस्तीत, ठेवायचे. कायदा गेला, 31 ऑगस्ट 1952 ला सुटलो, पण कुठं नवी गस्त सुरू झाली की माझ्या पोराला अजून पहिल्यांदा थांबवतात. योजना चालली का, हे थांबवलेल्यालाही विचारा.

शेंगाचटणी
दादा, वाचून गलबलून आलं. पोराला जपा.

एमएसडब्ल्यू
समाजकार्याच्या कॉलेजात शिकलेलं विसरले नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला 1939 मध्ये 506 मुलं घेतली, जोड्या लावून निम्म्यांना समुपदेशक, शिबिरं दिली. संशोधक जोन मॅकॉर्ड बाईंनी तीस वर्षांनी त्यांना शोधलं. बरेच म्हणाले, फायदा झाला. पण मदत न मिळालेल्यांशी ताडलं तर गुन्हे कमी नव्हतेच, उलट व्यसनं आणि लवकरचे मृत्यू जास्त. ती दुसरी निम्मी मुलं नसती तर योजना झकास म्हणूनच मिरवली असती. म्हणून शेजारची, कॅमेरे नसलेली कॉलनीही वहीत घ्या.

जुळे सोलापूरकर
घेतो. तिथं माझा मेहुणा राहतो, आजच वही देऊन येतो. सेटलमेंटवाले दादा, "कुणाला थांबवलं" हा रकाना तुमच्यामुळं पहिल्या पानावर. शेंगाचटणीताई, माहेर कुठल्या बोळात?