जाम चाकाला पक्कड नको

जुन्या सिंगर ३१-१५ शिलाई मशिनचं चाक हलत नाही म्हणता, ते बहुतेक गंजाने नसून जुनं तेल वाळून चिकट झाल्याने. आधी शटलच्या (बॉबिन बसते त्या भागाच्या) खाचेत अडकलेला दोरा काढा, बऱ्याचदा तोही दोषी असतो. मग तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे ३-४ थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी चाक हाताने थोडंथोडं मागेपुढे करा. पक्कड लावलीत तर बीड (ओतीव लोखंड) तडकायचं. मोकळं झालं की रॉकेल पुसून लगेच मशिनचं पांढरं तेल घाला, रॉकेल म्हणजे वंगण नव्हे. हेडला, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी मशिनला, स्पिरिट अजिबात लावू नका: सोनेरी नक्षीवरचं लाखेचं आवरण विरघळतं. टेबलाच्या पॉलिशला मात्र तेच स्पिरिट हवं. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पातळ हात द्या.