कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस आणि सत्तर हजारांचा गेमिंग पीसी: सोलापुरात ही यादी घेऊ नका

पूर्वभाग
परवा या फोरमवर गेमिंग पीसीच्या पार्टची एक यादी पडली. बजेट सत्तर हजार, मॉनिटर वेगळा. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, ५१२ जीबी एनव्हीएमई ड्राइव्ह, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड आणि समोरून काच असलेलं कॅबिनेट, ज्यात ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) बसवूनच येतो. खाली लिहिलंय, "एसएमपीएस, कॅबिनेट, यूपीएस यांनी फ्रेम वाढत नाहीत. तिथे वाचवा आणि सगळं कार्डात घाला." त्याखाली पोरांनी "हीच घेतो" म्हणून रांग लावली आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातले ५०० वॅट सोडा, +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. अशा बऱ्याच डब्यांवर १८ च्या आसपास आकडा असतो. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. ५०६० एकटं १४५ वॅट, ५६०० पूर्ण ताणात ७६ वॅट. झाले २२१. पंखे, बोर्ड, ड्राइव्ह अजून मोजलेच नाहीत. मागे ११५/२३० चं लाल बटन असेल तर त्यात ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट ओढणारं सर्किट) नाही हे धरूनच चाला. कार्डाला वीज देणारी सहा अधिक दोन पिनांची वायर बहुतेक नसतेच, मग दुकानदार मोलेक्सचा (जुन्या चार पिनी जोडणीचा) कन्व्हर्टर लावून देतो. आठ पिनी जोडणीत १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात, मोलेक्समध्ये एकच. तेवढाच करंट कमी वायरींतून गेला की आधी कनेक्टरचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं.

आणि हे सगळं एप्रिल-मेच्या सोलापुरात. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७० दाखवत असेल, तर ४० च्या खोलीत तो ८५ च्या घरात जाणारच. ५६०० ची मर्यादा ९० आहे. समोर काच लावून हवेचा रस्ता बंद केलात तर ते पाच अंशही उरत नाहीत.

जुळे_सोलापूर
यादी माझी आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे. तुम्ही लोकांना घाबरवताय. गेम खेळताना प्रोसेसर ७६ वॅटला टेकत नाही, बहुतेक गेममध्ये चाळीस-पन्नासवर असतो. म्हणजे १२ व्होल्टवर प्रत्यक्ष भार दोनशेच्या आसपास. सत्तर हजारांत साडेतीन-चार हजार एसएमपीएसला, तेवढेच यूपीएसला, वर जाळीचं कॅबिनेट असं करत गेलं की कार्ड एक पायरी खाली येतं. एसएमपीएस दोन वर्षांनी बदलता येतो. कार्ड मात्र एकदा घेतलं की पुढची चार वर्षं तेच. गेमिंग पीसीत पहिला हक्क कार्डाचाच, हे मी मागे घेणार नाही.

होटगी_रोड
दोनशे हा सरासरी आकडा झाला. कार्ड काही मिलीसेकंदांसाठी त्याच्या लिहिलेल्या वॅटच्या बरंच वर उसळतं, आणि हलका एसएमपीएस त्याच क्षणी बंद पडतो. लोकांना वाटतं गेम क्रॅश होतोय. विंडोज पुन्हा टाकतात, ड्रायव्हर बदलतात, रॅम बदलतात, महिना जातो. ओळखायची खूण सोपी आहे: एररची स्क्रीन (आधी निळी, विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत काळी) येऊन रीस्टार्ट झाला तर ड्रायव्हर किंवा रॅम बघा. काहीही न दाखवता बटन दाबल्यासारखा एकदम बंद झाला आणि विंडोजच्या नोंदीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, फक्त "कर्नल पॉवर ४१" दिसलं, तर संशय आधी वीजपुरवठ्यावर.

पण माझा राग ए५२० वर आहे. ५०६० ला बोर्डाशी डेटा देण्याघेण्याच्या फक्त आठ लेन आहेत. ए५२० त्या लेनच्या जुन्या, हळू पीसीआयई ३.० वर थांबतो. आठ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरेपर्यंत फरक जाणवत नाही, हे मान्य. टेक्स्चर हायवर टाकून ती भरली की कार्ड सिस्टिम रॅममधून डेटा ओढायला लागतं, आणि तो सगळा त्याच अरुंद बोळातून येतो. मग सरासरी फ्रेम ठीक दिसतात आणि वळणावर गाडी अडखळते. बी५५० घ्या, ४.० मिळतं.

एकच रॅम पट्टी तर नकोच. ८ च्या दोन घ्या, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. ते आपोआप होत नाही. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर वर्षानुवर्षं चालवणारे पुष्कळ लोक आहेत.

सात_रस्ता
मुळात ५६०० चं एएम४ सॉकेट कशाला? २०१७ पासूनचं सॉकेट आहे, पुढे रस्ता नाही. ७५००एफ प्रोसेसर आणि बी६५० बोर्ड घ्या, ते नव्या एएम५ सॉकेटचे. एएम५ ला २०२७ आणि त्यानंतरही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. आज सहा कोर, तीन वर्षांनी त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर.

जुळे_सोलापूर
@सात_रस्ता एएम५ ला लागणाऱ्या डीडीआर५ रॅमचे आजचे भाव बघितलेत का? २०२५ च्या अखेरीपासून रॅम भडकली आहे. सत्तरात एएम५ बसवायला गेलात तर कार्ड अजून खाली जाईल. पुढे प्रोसेसर बदलायचा म्हणून आज पाच वर्षं हळू खेळायचं का?

सात_रस्ता
भडकली हे खरं. ज्याच्याकडे एएम४ ला चालणाऱ्या डीडीआर४ च्या पट्ट्या आधीपासून आहेत त्याने एएम४ घ्यावं, एवढं मान्य करतो. नवीन सगळं घेणाऱ्याने नाही. आणि एएम५ घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो. घाबरून बटन दाबून बंद करू नका. बंद केलंत की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अर्धे "डेड बोर्ड" दुकानात असेच परत जातात.

वायरमन_अक्कलकोट_रोड
तुम्ही पार्टवर भांडताय. भिंतीतल्या सॉकेटबद्दल कुणीच बोललं नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, हेडफोनमध्ये गुणगुण येते, यूएसबी मध्येच तुटतं, ही तक्रार घरोघरी आहे आणि जो तो एसएमपीएस बदलून बघतो. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग तुटलेलं असेल तर बॉडीवर निम्मा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट बारीक, म्हणून माणूस मरत नाही, पण एचडीएमआय वायर जोडताना तोच करंट कार्डाच्या पोर्टमधून वाट काढतो.

मीटर घ्या, २३० चा टेस्टर नव्हे. तीन मोजमापं: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं तीन व्होल्टच्या आत हवं.

होटगी_रोड
काका, मग आपल्याकडे वायरमन करतात तसं सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकलं तर? मीटरवर शून्य येतं.

वायरमन_अक्कलकोट_रोड
कधीच नाही! हे सगळ्यांनी नीट वाचा. मीटरवर शून्य येतं आणि म्हणूनच गिऱ्हाईक फसतं. उद्या मागे कुठे न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला, तर त्याच जोडणीतून कॅबिनेटवर पूर्ण २३० येतात. पीसीच नाही, फ्रिज, गिझर, सगळ्यांच्या अंगावर. आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारी पेटी) असेल तर ती लगेच पडते, मग असले लोक आरसीसीबीच काढून टाकतात. जो कुणी हे करून देतो तो तुमच्या घरात मरण ठेवून जातो.

अर्थिंग म्हणजे जमिनीतला पाईप. आपल्याकडे वर थोडी माती, खाली मुरूम आणि काळा पाषाण. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की मातीचा विरोध वाढतो आणि जुलैत चांगलं असलेलं अर्थिंग मेमध्ये नावापुरतं उरतं. मार्चपासून आठवड्यातून एकदा दोन-तीन बादल्या पाणी घाला. पाईपावरची नट-बोल्टची जोडणी गंजली असेल तर घासून पुन्हा आवळा. खर्च जवळपास नाहीच.

जुळे_सोलापूर
हे सगळं बरोबर असेल, पण चर्चा पार्ट निवडण्याची होती. भाड्याच्या खोलीत राहणारा पोरगा जमिनीत पाईप गाडणार आहे का? घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही.

पूर्वभाग
म्हणूनच तर पार्ट नीट निवडायचे. भाड्याच्या खोलीत व्होल्टेज तुमच्या हातात नाही, एसएमपीएस आहे. त्याच्या लेबलवर इनपुट बघा: काही स्वस्त ब्रँडेड २००–२४० व्होल्ट लिहितात, चांगले १००–२४०. डीपीपासून लांबच्या घरात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि पंप चालू झाले की दाब १८० वर घसरतो. १००–२४० वाला तिथे निवांत चालतो, स्टॅबिलायझरचे पैसे वाचतात. २००–२४० वाला रडतो. हा फरक कुणी सांगत नाही, आणि "८० प्लस ब्राँझ" लिहिलं की लोक डोळे मिटून घेतात. तो शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे, तोही २३ अंशांच्या खोलीत मोजलेला. आतला संरक्षणाचा भाग, १२ व्होल्टमधला रिपल (बारीक चढउतार), चाळीस अंशांवरची ताकद, यातलं काही त्यात येत नाही.

सात_रस्ता
यूपीएसचंही लिहा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. मॉनिटर धरून तुमचा भार तीनशेच्या पुढे जातो, लाईट गेल्याबरोबर तो शिट्टी मारून झोपतो. १००० किंवा ११०० व्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर मागचं बटन यूपीएस मोडवर हवं. एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६ मिलीसेकंद तग धरतो, इन्व्हर्टर त्यापेक्षा सावकाश बदलला की पीसी रीस्टार्ट. चौरस लहरींचा जुना इन्व्हर्टर असेल तर त्यावर ॲक्टिव्ह पीएफसीवाला पीसी लावूच नका.

जुळे_सोलापूर
प्रत्येक जण एकेक वस्तू वाढवतोय! चार हजार इथे, पाच हजार तिथे. सत्तराचे ऐंशी झाले आणि फ्रेम एकही वाढली नाही. मग सरळ लॅपटॉप घ्या म्हणा.

पूर्वभाग
आवाज चढवून हिशोब बदलत नाही ओ. बसवून दाखवतो. ५६०० तसाच. बी५५०, चार स्लॉटचा, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक असलेला. ८ च्या दोन पट्ट्या. ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर, इनपुट १००–२४०. कार्ड ५०६० ऐवजी आरएक्स ७६००. ते १६५ वॅटचं आहे, आठ जीबीच, पण त्या फरकात एसएमपीएस आणि जाळीच्या कॅबिनेटची सोय निघते. ५१२ ची एनव्हीएमई राहू दे, दुसरी नंतर लावता येते. यूपीएस पुढच्या दोन महिन्यांत, तोपर्यंत वादळी पावसात प्लग काढून ठेवायचा.

आणि कॅबिनेट. पूर्व भागात ज्यांची घरं यंत्रमागांना लागून आहेत त्यांनी हे वाचाच. सुताची पिंजण साध्या धुळीसारखी नसते. ती जाळीवर गोधडीसारखी बसते, आणि जाळी नसेल तर थेट हीटसिंकच्या पात्यांत. समोर जाळी, तिच्यामागे काढता येणारा फिल्टर, आत येणारे १२० मिमीचे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही. फिल्टर पंधरा दिवसांनी झटका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर ते वेडंवाकडं फिरून बेअरिंग जातं.

काचेचं कॅबिनेट आधीच घेतलंय त्यांनी एक चाचणी करा. अर्धा तास गेम चालवून तापमान लिहा, मग बाजूचं झाकण काढून पुन्हा अर्धा तास. आठ-दहा अंश उतरले तर दोष कार्डाचा नाही, कॅबिनेटचा.

नवी_पेठ
पार्ट कुठून घ्यायचे? ऑनलाईन, पुण्याची तपकीर गल्ली की इथेच?

होटगी_रोड
बोर्ड आणि कार्ड जिथे सिरियल नंबर टाकून जीएसटीचं बिल देतात तिथून. "बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील" म्हणणाऱ्याकडून काहीच नाही. वॉरंटी सिरियल नंबरवर आणि भारतातल्या वितरकावर चालते, परदेशातून कुणी आणलेलं कार्ड इथे वॉरंटीत सहसा कुणी घेत नाही. ऑनलाईन घेतलं तर खोका फोडताना सील आणि सिरियल नंबर दिसेल असा अखंड व्हिडिओ काढा. पुणे अडीचशे किलोमीटर आहे, बिघडलेला बोर्ड घेऊन दोनदा गेलात की वाचवलेले पैसे गेले.

जुळे_सोलापूर
बी५५० आणि दोन पट्ट्या मान्य. एसएमपीएसचं लेबलचं गणितही मान्य, ते मी बघायला हवं होतं. यादीतला तो डबा काढतो आणि वर तसं लिहितो. पण ५०६० सोडणार नाही. त्याऐवजी कॅबिनेट साधं पत्र्याचं, जाळीचं, काच आणि रंगीत दिवे नसलेलं घ्या, कूलर प्रोसेसरसोबत आलेलाच ठेवा आणि मेमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच जातात, उष्णता बरीच कमी होते.

पूर्वभाग
ही यादी पोरांना द्यायला माझी हरकत नाही. आधीच्या यादीला होती आणि राहील.

नवी_पेठ
काका, आताच मोजलं. फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ १९४, न्यूट्रल-अर्थ ३४. चालेल का?

वायरमन_अक्कलकोट_रोड
नाही. अर्थ वायर कुठेतरी लटकते आहे. आधी त्याच घरातल्या दुसऱ्या सॉकेटवर हीच तीन मापं घ्या. तिथे नीट आली तर दोष या स्विचबोर्डातल्या वायरीत, तिथेही ३४ च आली तर मीटरपाशी किंवा खड्ड्यात. मापं इथे टाका. तोवर पीसी या सॉकेटवर लावू नका.