खाजकुयलीचं बी कच्चं घेऊ नका

ताकदीच्या औषधी वनस्पतींवरच्या चर्चेत एकांनी खाजकुयलीच्या बिया तशाच दळून दुधातून घ्यायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका. आमच्याकडे देवगडात हा वेल कुंपणांवर चढतो. शेंगा वाळल्या की त्यांच्यावरची तपकिरी मखमली लव नुसत्या वाऱ्यानेही अंगावर येते आणि माणूस खाजवून हैराण होतो. आतलं बी मात्र गुळगुळीत, चकचकीत. हेच वैद्यांचं कवचबीज. ते दुधात शिजवून, साल काढून, वाळवून मगच त्याचं चूर्ण करतात. त्यात लेव्होडोपा असतो, कंपवातावर (पार्किन्सन्सवर) डॉक्टर देतात तेच द्रव्य. म्हणजे बी गुणी आहेच, पण म्हणूनच रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

ताकदीसाठी घेतला जाणारा तालीमखाना त्या मानाने सौम्य. पाणथळ जागी वाढणाऱ्या काटेरी कोळशिंद्याचं हे बी. जिभेवर ठेवलं की बुळबुळीत होऊन टाळूलाच चिकटतं.

आणि अशीच ताकदीची सफेद मुसळी, जिचं शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडलंय, ती रानातून उपटू नका. लागवडीची मिळते, तीच घ्या.